चिमूटभर मीठ

आमच्या घरात वाद सुरू व्हायला मोठा विषय लागत नाही. मीरा रोडच्या नया नगरमधले घर तीन खोल्यांचे, पण कुटुंब दूरवर पसरलेले. अब्बांनी जहाजाच्या इंजिन रूममध्ये तीस वर्षे काढली आणि आता ते घरी असतात. एक भाऊ कुवेतला, धाकटी बहीण गोवंडीला, मामू मुंब्र्यात, आणि खाला अजून खेड तालुक्यातल्या गावात. सगळ्यांना बांधून ठेवतो तो फोनवरचा कुटुंबाचा ग्रुप, आणि ग्रुपला जागे ठेवतात ते वाद. सलाम-दुआ दोन मिनिटांत आटोपतात. पण ‘रात्रभर मोबाइल चार्जिंगला लावला तर बॅटरी खराब होते का?’ असे कोणी विचारले, की भाईंदर लोकलच्या गर्दीत एका पायावर उभा असलेला माणूसही उत्तर लिहू लागतो.

मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेल्या सालनातले सत्त्व जाते का? कुर्बानीचे गोश्त धुऊन फ्रीजरमध्ये ठेवावे की न धुता? गच्चीवरच्या मोबाइल टॉवरमुळे डोके दुखते का? असे प्रश्न आमच्याकडे आठवड्याला दोन तरी येतात. काही घरांत वडीलधाऱ्यांशी बहस करणे बेअदबी समजतात. अब्बांचे म्हणणे वेगळे आहे. ते सांगतात, ‘इंजिनमधला वेगळा आवाज पहिल्यांदा चीफ इंजिनीअरला ऐकू येत नाही, खाली तेल घालणाऱ्याला येतो. त्याला बोलू दिलं नाही तर जहाज बंद पडतं.’ म्हणून आमच्या घरात नववीतल्या मुलीलाही अब्बांचे म्हणणे खोडायची मुभा आहे. आवाज मात्र चढवायचा नाही.

इतक्या वर्षांच्या या बहसांतून आमच्या ध्यानात एक गोष्ट आली आहे. प्रत्येक वादाचा निकाल वेगळ्या ठिकाणी लागतो. काही वाद घरच्या घरी तपासून मिटतात, काहींसाठी जाणकाराला विचारावे लागते, आणि काहींत तर ज्यावर भांडण चालले आहे तो मूळ प्रश्नच नसतो. निकाल कुठे लागणार हे आधी ओळखले, तर अर्धे भांडण तिथेच संपते.

पंख्याचेच पाहा. पंखा एकवर ठेवला तर विजेचे बिल कमी येते, असे कुवेतच्या भावाने लिहिले. मामूंनी उत्तर दिले, ‘काही फरक पडत नाही, मी पंधरा वर्षं बघतोय.’ दोन दिवस दोघेही हटेनात. शेवटी अब्बांनी दोघांना एकच सवाल केला, ‘पंखा एकवर असताना रेग्युलेटरला हात लावून बघा. गरम लागतो का?’ मामूंच्या जुन्या इमारतीत भिंतीवर मोठा चौकोनी रेग्युलेटर आहे, तो गरम लागला. भावाच्या घरी बटणांच्या ओळीत बसणारा छोटा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहे, तो गार होता. जुन्या रेग्युलेटरमध्ये रोधाची तार असते. पंखा हळू फिरतो, पण वाचायला हवी ती बरीचशी वीज त्या तारेत उष्णता होऊन जाते, त्यामुळे बचत फार थोडी होते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पंख्याला मुळात वीजच कमी घेऊ देतो, तिथे बचत खरी असते. म्हणजे आपापल्या घरापुरते दोघांचेही बरोबर होते. जे भांडण पंख्यावरून चालले होते, ते निघाले रेग्युलेटरचे.

पाण्याचा वाद याहून महागातला होता. आमच्या शहराला स्टेम आणि एमआयडीसीकडून पाणी येते. उन्हाळ्यात ते कमी पडले की सोसायटीत टँकर येतात. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाईंदरची मिठागरे, अशी इथली जमीन. इथल्या बोअरिंगच्या पाण्याने साबणाला नीट फेससुद्धा येत नाही. त्यामुळे ‘पिण्याचे पाणी’ हा शब्द कानावर आला की प्रत्येक आई सावध होते. अशाच एका रविवारी पाणी शुद्ध करणारे यंत्र विकणारा एक तरुण इमारतीत आला. बोलायला गोड, शर्ट इस्त्रीचा, हातात पेटी.

त्याने आमच्या टेबलावर दोन ग्लास ठेवले. एकात आमच्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओ यंत्राचे. मग पेटीतून धातूच्या सळयांचे एक उपकरण काढले, सळया नळाच्या पाण्यात बुडवल्या आणि प्लग लावला. मिनिटभरात पाणी आधी पिवळट, मग तपकिरी झाले आणि वर काळपट फेस आला. आरओच्या पाण्यात त्याच सळया बुडवल्या, तर पाणी होते तसे स्वच्छ राहिले. ‘खाला, हेच तुमची मुलं रोज पितात,’ तो अम्मीला म्हणाला. अम्मीचा चेहरा उतरला. यंत्राची किंमत आमच्या दीड महिन्याच्या किराण्याएवढी होती, तरी तिचा हात पर्सकडे गेला होता.

आमची नववीतली मुलगी आतून मिठाची बरणी घेऊन आली. तिने त्याच्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकले, चमच्याने ढवळले आणि म्हणाली, ‘भैया, आता यात सळया घाला ना.’ तो टाळू लागला. अब्बा शांतपणे म्हणाले, ‘घाल बेटा, पोरगी विचारतेय.’ त्याने सळया घातल्या. त्याचे शुद्ध पाणी मिनिटभरात आमच्या नळाच्या पाण्याहून जास्त गढूळ झाले.

कारण साधे आहे. पाण्यात थोडे क्षार विरघळलेले असले की त्यातून वीज वाहते. ती वाहू लागली की सळईतले लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि त्याचा गंजासारखा गाळ तयार होतो. दिसते ती घाण नळाच्या पाण्यातली नसते, सळईतली असते. आरओने क्षार जवळजवळ सगळे काढून टाकलेले असतात. त्यामुळे वीज वाहत नाही आणि गाळही होत नाही. (सळया घरातल्या विजेवर चालतात, म्हणून मुलांनी हा प्रयोग स्वतः करू नये, हेही सांगून ठेवतो.)

तो तरुण पोटासाठी फिरत होता. अम्मीने त्याला चहा पाजला आणि पाठवून दिले. पण मग ग्रुपवर खरा वाद पेटला. मामू म्हणाले, यंत्रच फसवणूक आहे. भाऊ म्हणाला, सळया फसव्या असतील, यंत्र चांगले आहे. इथे अब्बा बोलले. जहाजावर समुद्राच्याच पाण्याची वाफ करून पिण्याचे पाणी बनवतात, ते काम त्यांनी वर्षानुवर्षे केलेले. ते म्हणाले, ‘पाण्यात दोन गोष्टी असतात, क्षार आणि जंतू. दोन्हींचा इलाज वेगळा. टीडीएसचं पेन क्षार मोजतं, जंतू दाखवत नाही. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार जात नाहीत. आधी सांगा, तुमच्या पाण्यात काय आहे?’

मग आम्ही मोजले. शेजाऱ्यांचे टीडीएस पेन आणले. नळाच्या पाण्याचा आकडा 100 च्या आत आला, टँकरच्या पाण्याचा हजारावर गेला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असणे चांगले मानतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही 2019 च्या मे महिन्यात सांगितले होते, की जिथे हा आकडा 500 च्या खाली आहे तिथे आरओ वापरायला मनाई करावी, कारण एक लिटर पाणी गाळताना घरगुती आरओ दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडतो. जिथे बादल्या भरून ठेवाव्या लागतात, तिथे हा हिशेब लहान नाही. आम्ही नळाचे पाणी गाळून, उकळून प्यायचे ठरवले आणि टँकरचे पाणी कपडे-भांड्यांना ठेवले. ज्या घरात बोअरिंगचेच पाणी प्यावे लागते, तिथला निर्णय वेगळा असू शकतो. तिथे आरओ लागेलही. पण तोही मोजून घ्यावा, घाबरून नको.

त्या दिवसापासून अम्मीला एक वाक्य मिळाले. ग्रुपवर कोणी काही छातीठोक लिहिले की ती बोलून संदेश पाठवते, ‘मीठ टाकून पाहिलंस का?’

इथवरचे वाद चहाबरोबर चालणारे होते. पण सगळ्याच गोष्टी वादापाशी थांबत नाहीत. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूरकडून भिक्षा मागत फिरणारे गरीब लोक होते. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा फोनवरून फिरत होत्या आणि संशय या पाच जणांवर आला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवण्यावर बंधन घातले. वादात बोलणाऱ्याला नाव असते, त्याला उलट विचारता येते. पुढे ढकललेल्या संदेशाला नाव नसते, तारीख नसते, आणि त्याच्यामुळे कोणी मेले तर जबाबदार कोण हेही ठरत नाही. सूरह हुजुरातमध्ये बातमीची तहकीक करण्याची जी ताकीद आहे, ती आपण लहानपणापासून ऐकत आलो. फोन हातात असताना ती आठवते का, हा प्रश्न आहे.

आमच्या घरापर्यंत असा संदेश आला तो लसीचा. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलांना लस द्यायची होती, शाळाशाळांतून. तेव्हा एक संदेश फिरला, की या इंजेक्शनने मुलांना पुढे औलाद होत नाही. आम्ही मुलीच्या शाळेत जाऊन चौकशी केली, आमच्या डॉक्टरांना विचारले आणि तिला लस दिली. चार वर्षांनी, 2022 मध्ये, तोच संदेश शब्दही न बदलता पुन्हा आला. या वेळी तो गोवंडीच्या बहिणीने ग्रुपवर टाकला होता. तिचा धाकटा एक वर्षाचा झाला होता, आणि गोवराचा पहिला डोस अजून बाकी होता.

त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवराची साथ आली. गोवंडीला तिचा मोठा फटका बसला आणि लहान मुले दगावली. गोवर हवेतून पसरतो. ज्यांना लस मिळालेली नाही अशा लोकांत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजारी पाडू शकतो. दहा बाय दहाच्या खोल्या आणि हातभर रुंद गल्ल्या असलेल्या वस्तीत हा आकडा काय करेल, ते सांगायला नको. केंद्र सरकारने अशा भागांतल्या नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस देण्याचा सल्ला दिला होता. आणि आमच्या बाळाचा पहिलाच बाकी होता.

ग्रुपवर वाद जोरात सुरू झाला. भावाने डॉक्टरांचे तीन व्हिडिओ पाठवले. बहिणीने उत्तरादाखल दोन पाठवले. मामूंनी दुसराच मुद्दा काढला, की लसीत डुकरापासूनचे जिलेटिन असते म्हणतात, मग ती हलाल कशी? हा सवाल टाळण्यासारखा नव्हता, आणि तो जगात आधीही विचारला गेला होता. इंडोनेशियाच्या उलमा परिषदेसमोर 2018 च्या ऑगस्टमध्ये हाच मसला आला होता, आणि तोही आपल्या पुण्यात बनणाऱ्या गोवर-रुबेला लसीबद्दल. त्यांनी ती बनवताना डुकरापासूनच्या घटकाचा वापर झाल्याचे मानले. पण हलाल पर्याय उपलब्ध नाही आणि लस न दिल्यास मुलांच्या जिवाला धोका आहे, हे तज्ज्ञांकडून समजून घेऊन त्यांनी गरजेपोटी ती देण्याची परवानगी दिली. आम्हाला यातली रीत महत्त्वाची वाटली. आजाराचा सवाल त्यांनी डॉक्टरांना विचारला, दीनचा निर्णय स्वतः केला. मामूंनी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारले. त्यांनीही बाळाला लस द्यायला सांगितले.

खालाने फोनवर लिहिणे कधी शिकून घेतले नाही, ती बोलून पाठवते. तिचा संदेश आला. चार वर्षांचा तिचा भाऊ गोवराने गेला होता. अंगावर पुरळ आले, मग छाती भरली, आणि तालुक्याला न्यायला बैलगाडी मिळेपर्यंत सगळे संपले. ‘आमच्या वेळी ही सुई नव्हती,’ एवढेच ती शेवटी म्हणाली.

तरीही बहीण हो म्हणेना. ग्रुपवर ती गप्प झाली. तेव्हा आमच्या मोठ्या आपाने वाद सोडून तिला सरळ फोन लावला. लसीचा विषयही काढला नाही. ‘तू कशी आहेस?’ विचारले. पंधरा मिनिटांनी खरी गोष्ट बाहेर आली. मोठ्या मुलाला दीड महिन्याचा असताना पहिले इंजेक्शन दिले, त्या रात्री त्याला ताप चढला होता. नवरा रात्रपाळीला, सासू गावाला, पोटमाळ्यावरच्या खोलीत ती एकटी. पहाटेपर्यंत ओले फडके कपाळावर ठेवत बसली होती. तशी रात्र तिला पुन्हा नको होती. औलाद न होण्याचा संदेश तिने खरा मानला होता असे नाही. तिला ‘नको’ म्हणायला एक कारण हवे होते आणि ते आयते फोनवर आले.

या भीतीला व्हिडिओ हे उत्तरच नव्हते. आपा दुसऱ्या दिवशी गोवंडीला गेली. दोघी मिळून बाळाला लसीकरणाच्या ठिकाणी घेऊन गेल्या. तिथल्या नर्सबाईंनी नीट सांगितले, की या लसीचा ताप आला तर त्याच रात्री नाही, साधारण आठवड्याभराने येतो, बहुतेकदा हलका असतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. म्हणून आपा लगेच परतली आणि बरोबर आठव्या दिवशी पुन्हा गेली, दोन रात्री राहिली. एका रात्री बाळाचे अंग थोडे तापले, सकाळी ते खेळत होते. अलहम्दुलिल्लाह.

आम्हाला त्या आठवड्याने शिकवले, की माणूस ज्या मुद्द्यावर भांडतो त्याच मुद्द्यावर तो अडलेला असतो असे नाही. वाद मिठाने मिटणारा असेल तर मीठ टाकावे. ताप मोजणारा हात हवा असेल, तर गाडी पकडून जावे.

आणि काही वाद असे आहेत, की ज्यांत सगळ्यांना सगळी माहिती असूनही निर्णय आपला नसतो. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर उत्तनच्या दिशेने तोंड करून पन्नास माणसे उभी असतात. मुलांच्या हातात फोन. चंद्र किती वाजता मावळणार, सूर्यापासून किती अंशांवर आहे, सगळे त्यात दिसते. ‘आज दिसूच शकत नाही, उगाच उभे आहात,’ एखादा म्हणतो. दुसरा चिडतो, ‘फोनवर ईद करणार का?’ तेवढ्यात कुवेतच्या भावाची ईद मुबारक येऊन पडते आणि वाद आणखी पेटतो.

अब्बा मुलांना समजावतात. चंद्राचा महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून थोडा जास्त असतो, म्हणून कधी 29 होतात, कधी 30. अमावस्येनंतर चंद्र तासाला साधारण स्वतःच्या रुंदीएवढा सूर्यापासून दूर सरकतो. सूर्याच्या फार जवळ असेपर्यंत त्याची कोर डोळ्याला दिसतच नाही. कुवेतला सूर्य आपल्यानंतर दीड-दोन तासांनी मावळतो, तेवढा चंद्र आणखी सरकलेला असतो. म्हणून पश्चिमेकडे तो आधी दिसण्याची शक्यता जास्त, आणि प्रत्येक देशाची चाँद ठरवण्याची रीतही वेगळी. जहाजावरच्या पंचांगात चंद्र-सूर्याची तासातासाची जागा छापलेली असते आणि खलाशी तिच्यावर जीव टाकून चालतात. हिशेब खोटा नाही. ‘पण चंद्र कुठे आहे हे सांगणं हिशेबाचं काम,’ ते म्हणतात, ‘आणि उद्या ईद का रोजा, हे सगळ्यांनी मिळून कसं ठरवायचं, हा जमातीचा मामला. हिशेब तुम्ही करा, एलान चाँद कमिटीला करू द्या.’ तुर्कस्तानात हिशेबावर ईद ठरते, आपल्याकडे पाहण्यावर. उद्या आपल्याकडची रीत बदलायची का, यावर उलमांनी जरूर मशवरा करावा. पण गच्चीवरच्या दोन तरुणांनी एकमेकांची कॉलर धरून तो प्रश्न सुटणार नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याही घरात असे वाद होत असतील. ते बंद करू नका. प्रश्न विचारणारी मुलगी घरात असणे ही बरकत आहे. फक्त पुढच्या वेळी बोटे चालवण्याआधी एवढे पाहा, की हा वाद घरात तपासता येईल का, की डॉक्टरांना किंवा आलिमांना विचारावा लागेल, की समोरचा आपलाच माणूस कशाला तरी घाबरला आहे. पहिल्यासाठी मिठाची बरणी प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. दुसऱ्यासाठी दवाखाना आणि मशीद फार लांब नाहीत. तिसऱ्यासाठी मात्र ग्रुपवर काही लिहू नका, त्याला फोन लावा.